षष्ठी आणि सव्वीस एप्रिल



आजचं वाचन: गीता, अध्याय १८, श्लोक १३ ते १६. चारच श्लोक आहेत, पण सावकाश वाचा. कुठलंही कर्म घडायला पाच कारणं लागतात, असं भगवंत इथे अर्जुनाला सांगतात. अधिष्ठान म्हणजे ज्याच्या आधारावर कर्म घडतं ते. कर्ता म्हणजे करणारा. करण म्हणजे साधनं. चेष्टा म्हणजे प्रत्यक्ष केलेल्या वेगवेगळ्या हालचाली. आणि पाचवं दैव. माणूस शरीराने, वाणीने, मनाने जे काही योग्य-अयोग्य करतो, त्यामागे ही पाच असतात. हे असं असताना जो एकट्या स्वतःकडेच कर्तेपण घेतो, त्याला नीट दिसत नाही, असंही लगेच पुढे म्हटलंय.

हे श्लोक आजच घेण्याचं कारण आजची तारीख. आज २६ एप्रिल, आणि आमच्या चिकलठाण्याला ही तारीख कायमची चिकटलेली आहे.

२६ एप्रिल १९९३, सोमवार. इंडियन एअरलाइन्सचं ४९१ क्रमांकाचं विमान दिल्लीहून निघून जयपूर, उदयपूर करत तेव्हाच्या औरंगाबादला आलं होतं. इथून ते मुंबईला जायचं होतं. बोइंग ७३७, आत कर्मचारी धरून ११८ माणसं. दुपारी एकच्या सुमारास चिकलठाण्याच्या धावपट्टीवरून ते निघालं. धावपट्टीच्या टोकापलीकडून बीडकडे जाणारा रस्ता जातो. नेमक्या त्या क्षणी तिथून कापसाच्या दाबलेल्या गाठी भरलेला एक ट्रक चालला होता. विमान हवं तेवढं वर उचललं गेलं नव्हतं. त्याची डावी चाकं आणि डावं इंजिन ट्रकला धडकलं. पुढे साधारण तीन किलोमीटरवर विजेच्या उच्च दाबाच्या तारांना लागून ते कोसळलं. ५५ माणसं गेली. ६३ वाचली.

आता जरा दिनविशेषाची वही उघडू. शाळेच्या फळ्यावर लिहायचो तसा दिनविशेष.

२६ एप्रिल १९२०: गणिती श्रीनिवास रामानुजन यांचं निधन, वय फक्त ३२. नामगिरी देवीचा हा भक्त आपली सूत्रं देवीची कृपा मानायचा. २६ एप्रिल १९३७: स्पेनमधल्या गेर्निका गावावर बॉम्बवर्षाव, तोही बाजाराच्या दिवशी. २६ एप्रिल १९८६: चेर्नोबिल अणुभट्टीचा स्फोट. २६ एप्रिल १९९३: चिकलठाणा. २६ एप्रिल १९९४, म्हणजे बरोबर एक वर्षाने: जपानमध्ये नागोया इथे उतरताना चायना एअरलाइन्सचं विमान कोसळलं, २६४ माणसं गेली, ७ वाचली.

अंगावर काटा येतो ना? थांबा, अजून आहे. १९२० चा तो दिवस सोमवार होता, १९३७ चा सोमवार, १९९३ चाही सोमवार. एवढं हाताशी आलं की कुणीही पाच मिनिटांत फॉरवर्ड तयार करेल, वर लाल अक्षरात ‘हा योगायोग नाही!!’ असं टाकेल आणि खाली ‘दहा जणांना पाठवा’.

पण मी यादी कशी केली ते बघा. चेर्नोबिलचा दिवस शनिवार होता आणि नागोयाचा मंगळवार. सोमवारचा मुद्दा सांगताना ते दोन मी हळूच बाजूला ठेवले. शिवाय वाईट तेवढंच वेचलं. २६ एप्रिल १२१ ला रोमचा सम्राट मार्कस ऑरेलियस जन्मला. राज्य चालवताना स्वतःच्या मनाची रोज झडती घेणारा हा माणूस. २६ एप्रिल १९०० ला चार्ल्स रिश्टर जन्मला. भूकंपाची बातमी आली की ज्याचं नाव आपल्या तोंडी येतं, तोच. हे दोघं यादीत घातले की सगळी भीती पातळ होते.

हिशोब साधा आहे. वर्षाला दिवस ३६५. जगाच्या इतिहासातल्या हजार मोठ्या घटना घेतल्या तरी सरासरीने प्रत्येक दिवसाच्या वाट्याला जवळपास तीन येतात. आणि माणसाने नोंदवून ठेवलेल्या घटना हजारांत थोड्याच आहेत? एका खोलीत २३ माणसं जमली तर त्यांतल्या कुणातरी दोघांचा वाढदिवस एकच असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. कॉलेजात हे शिकलेल्यालाही प्रत्यक्षात तसं घडलं की नवल वाटतंच. आपलं मन जुळणारं तेवढं उचलतं आणि न जुळणारं सोडून देतं.

त्यात तारीख म्हणजे शेवटी माणसाने दिलेलं लेबल. शिवजयंतीचंच घ्या. फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. याचीच इंग्रजी तारीख आपण १९ फेब्रुवारी १६३० म्हणतो. पण ती जुन्या ज्युलियन कॅलेंडरची आहे. आज वापरतो त्या कॅलेंडरने तोच दिवस १ मार्च येतो. महाराज एकदाच जन्मले, सूर्य त्या दिवशी एकदाच उगवला, पण पाटी कुठली लावायची त्यावर तारीख बदलली. मग एखादं संकट यायचं तर ते कुठल्या पाटीकडे बघून येणार?

याच अठराव्या अध्यायात २२ व्या श्लोकात तामस ज्ञानाचं लक्षण दिलंय. एकाच क्षुल्लक गोष्टीला, तेच सर्वस्व असल्यासारखं, कारणाचा विचार न करता चिकटून बसणारं ज्ञान. मला ही व्याख्या फार नेमकी वाटते, कारण भगवंत त्याला अज्ञान म्हणत नाहीत, ज्ञानच म्हणतात. फॉरवर्डमधली प्रत्येक तारीख खरी असू शकते. एकही ओळ खोटी नसताना सगळं मिळून तामस असू शकतं.

हा नुसता बुद्धीचा खेळ असता तर मी एवढं लिहिलं नसतं. एका वाचक ताईंनी विचारलंय: “दादा, बाबांच्या ऑपरेशनची तारीख २६ एप्रिल मिळाली होती. घरच्यांनी असलीच एक यादी वाचून पुढे ढकलायला लावली. डॉक्टर म्हणतात उशीर नको. शास्त्र काय म्हणतं?” ताई, मुहूर्त बघणाऱ्यांची मी कधी चेष्टा केलेली नाही आणि करणारही नाही. मुहूर्ताने चार माणसं एका वेळी जमतात, मन तयार होतं, कामाला गांभीर्य येतं. पण ज्या भीतीने उपचार लांबतो, तिला धर्माचं नाव देऊ नये. बाबांना बरं व्हायला त्या पाच कारणांतली जेवढी आपल्या हातात आहेत तेवढी लवकर जुळवा. डॉक्टरांनी सांगितलेला दिवस घ्या. आणि घरच्यांची समजूत काढायला तुम्हाला पैठणला नेतो.

आपल्या जिल्ह्यातलीच गोष्ट आहे. पैठणची नाथषष्ठी सगळ्यांना माहीत असते, पण ती ‘पंचपर्व’ षष्ठी का म्हणवते हे पुष्कळांना माहीत नसतं. परंपरा सांगते की फाल्गुन वद्य षष्ठी या एकाच तिथीला पाच गोष्टी घडल्या. एकनाथ महाराजांचे गुरू जनार्दनस्वामी यांचा जन्म. त्यांना झालेला दत्तात्रेयांचा अनुग्रह. जनार्दनस्वामींनी नाथांवर केलेला अनुग्रह. स्वामींचं निर्वाण. आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस गोदावरीत नाथांनी घेतलेली जलसमाधी.

आता यादीवाल्यांचा नियम या षष्ठीला लावून बघा. एकाच तिथीला गुरू गेले आणि शिष्यही गेला. त्या नियमाने पैठणच्या पंचांगातली सगळ्यात अशुभ तिथी हीच ठरायला हवी. त्या दिवशी कुणी घराबाहेर पडायला नको, नदीकडे तर फिरकायलाच नको. प्रत्यक्षात काय होतं? दिंड्या कितीतरी दिवस चालत पैठणला पोचतात, आणि पोचल्यावर ओढीने त्याच गोदावरीत उतरतात.

असं का होत असेल? मला वाटतं, कारण त्या पाच घटनांना जोडणारा धागा तिथीचा नाहीच. तो गुरु-शिष्याच्या नात्याचा आहे. जन्म ज्यांचा, कृपा त्यांच्यावर, त्यांची कृपा शिष्यावर, मग त्यांचं जाणं, मग शिष्याचं जाणं. तिथी नंतर आली. आणि नाथांची जलसमाधी ही काही दुर्घटना नव्हती. गुरूंचा दिवस तो आपला दिवस, म्हणून त्यांनी ती तिथी घेतली अशीच भक्तांची श्रद्धा आहे. तिथीने नाथांना ओढून नेलं असं कुणी म्हणत नाही. नाथांनीच प्रेमाने तिथीचा हात धरला.

२६ एप्रिलच्या यादीत असा धागा शोधा. रामानुजन यांचं आजारपण, गेर्निकावर बॉम्ब टाकायला निघालेले वैमानिक, युक्रेनमधली अणुभट्टी आणि बीड रोडवरचा ट्रक. यांना जोडणारं काहीच नाही, फक्त आपण मांडलेली यादी आहे.

मग १९९३ च्या त्या दुपारी नक्की काय झालं? इथे आजचे श्लोक परत हातात घ्या. भाष्यकार अधिष्ठानाचा अर्थ शरीर असा करतात. मी तो थोडा पसरून जागेला लावतोय, तेवढी मोकळीक द्या. अधिष्ठान: धावपट्टी आणि तिच्या टोकाजवळून जाणारा वाहता रस्ता. कर्ता: विमान चालवणारे, आणि रस्त्यावरची वाहतूक रोखण्याची जबाबदारी असणारे. करण: विमान, ट्रक. चेष्टा: विमानाचं नाक उचलण्याची क्रिया. दैव: नेमक्या त्या सेकंदाला ट्रक तिथे असणं.

चौकशी झाली. निष्कर्षात दोन गोष्टी आल्या. वैमानिकांनी विमानाचं नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचललं. आणि उड्डाणांच्या वेळी बीड रोडवरची वाहतूक नियंत्रित करण्यात तेव्हाचं राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण कमी पडलं. बस. एक कर्त्याची आणि चेष्टेची चूक, दुसरी व्यवस्थेची. त्यात २६ तारीख कुठेच नाही.

नागोयाचंही तसंच. उतरताना सहवैमानिकाकडून पुन्हा वर जाण्याची कळ चुकून दाबली गेली. माणूस विमान खाली आणू बघत होता आणि स्वयंचलित यंत्रणा त्याचं नाक वर नेत होती. दोघांची ओढाताण झाली. असा झगडा झालाच तर यंत्रणेने बाजूला व्हावं, अशी सुधारणा उत्पादकाने आधीच सुचवलेली होती. त्या विमानात ती अजून बसवलेली नव्हती. माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्याला हे वाक्य वाचून झोप लागत नाही. ‘पुढच्या रिलीजला करू’ हे आपण दिवसातून किती वेळा म्हणतो? चेर्नोबिलचा स्फोट तर सुरक्षेचीच एक चाचणी चालू असताना झाला. भट्टीच्या रचनेत दोष होते आणि चाचणीसाठी काही सुरक्षा यंत्रणा बंद केलेल्या होत्या. आणि गेर्निका तर अपघातच नव्हता. ते ठरवून केलेलं होतं.

आता बघा, हे सगळं ‘दिवसच वाईट’ या एका वाक्यात टाकलं तर काय होतं? बॉम्ब टाकणारा सुटतो. न बसवलेली सुधारणा सुटते. न अडवलेला रस्ता सुटतो. आणि उद्या असा दुसरा रस्ता तसाच मोकळा राहतो. तारखेला दोष देणं हे वरवर भाबडं वाटतं, पण त्याची किंमत पुढच्या विमानातली माणसं भरतात. म्हणून माझ्या दृष्टीने हा पापपुण्याचा प्रश्न आहे, अंधश्रद्धेवरच्या वादविवादाचा नाही.

कुणी म्हणेल, पण गीतेनेच दैव धरलंय ना? हो, धरलंय. पण पाचवं धरलंय. आणि दैव म्हणजे काय, हेही बघा. शंकराचार्य तिथे डोळे वगैरे इंद्रियांना बळ देणाऱ्या सूर्यादी देवता असा अर्थ लावतात. रामानुजाचार्य अंतर्यामी परमात्मा असा लावतात. दोघांपैकी कुणीही दैव म्हणजे खराब तारीख असं म्हणत नाही. एकाला त्यात डोळ्यांमागचा प्रकाश दिसतो, दुसऱ्याला आतून चालवणारा नारायण. दैव मानणं म्हणजे कष्टाचा शेवटचा हिस्सा आपल्या मुठीत नाही हे नम्रपणे मान्य करणं. पहिले चार हिस्से त्याच्यावर ढकलून देणं म्हणजे दैव मानणं नव्हे.

एक प्रश्न राहतो, आणि तो सगळ्यात अवघड आहे. त्या दिवशी ६३ माणसं वाचली. आपण सहज म्हणतो, देवाने वाचवलं. ज्याचा जीव वाचला त्याने हे म्हणावं, त्याचा तो हक्क आहे. पण आपण त्रयस्थांनी म्हणताना जरा थांबावं. कारण ते वाक्य ५५ घरांतही ऐकू जातं. त्यांच्या माणसाला देवाने का नाही वाचवलं? त्यांची भक्ती कमी पडली? नवव्या अध्यायात २९ व्या श्लोकात भगवंत स्पष्ट सांगतात की मी सगळ्या भूतांच्या ठिकाणी सम आहे, मला कुणी नावडता नाही, कुणी लाडका नाही. हे खरं मानायचं तर देव त्या विमानात निवड करत बसला होता असं म्हणता येत नाही. तो ६३ जणांबरोबर होता तसाच ५५ जणांबरोबरही होता. याने गेलेल्यांच्या घरचं दुःख कमी होत नाही, मला माहीत आहे. पण निदान आपण त्या दुःखावर अपराधाचं ओझं तरी घालत नाही.

अजून एक गोष्ट सांगून थांबतो. शहराच्या एका टोकाला चिकलठाणा, तर दुसरीकडे देवगिरी. तिथे जनार्दनस्वामी किल्ल्याचा कारभार बघत आणि तरुण एकनाथ त्यांची सेवा करत. एकदा हिशोबात एका पैची चूक निघाली. नाथ रात्रभर दिवा लावून वह्या तपासत बसले, आणि चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली, अशी गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. एका पैच्या चुकीने एवढा आनंद, मग संसाराची मोठी चूक सापडली तर केवढा होईल, असं गुरू म्हणाले म्हणतात. कीर्तनात भर पुढच्या वाक्यावर असतो, आणि तो असायलाच हवा. पण मला नेहमी आधीची रात्र आठवते. चूक आहे म्हटल्यावर नाथांनी ‘आज दिवसच वाईट’ म्हणून वही मिटली नाही. पैपर्यंत खाली उतरले. गुरूंना शिष्याची लायकी दिसली ती इथेच.

अपघाताची चौकशी करणारी माणसं तेच करतात. तुटलेले भाग, नोंदी, साक्षी, एकेक पै. मला ते काम नामस्मरणापासून फार लांबचं वाटत नाही.

मग २६ एप्रिलचं करायचं काय? विसरायची नाही आणि घाबरायचंही नाही. षष्ठीला पैठणकर जे करतात ते करायचं: त्या दिवशी काहीतरी करायचं, म्हणजे दिवसाला आपण अर्थ देतो. आज संध्याकाळी नेहमीच्या हरिपाठानंतर दोन मिनिटं त्या ५५ जणांसाठी शांत बसा. नावं माहीत नसली तरी चालेल. आणि मग स्वतःला एकच विचारा: माझ्या वाट्याचा असा कुठला रस्ता आहे, ज्यावरचं फाटक माझ्या हातात आहे आणि मी ते उघडं ठेवलंय? गाडीचे ब्रेक असतील, घरातली उघडी वायर असेल, आईची राहिलेली तपासणी असेल, ‘नंतर बघू’ म्हणून ढकललेला बग असेल. एक निवडा आणि या आठवड्यात पुरा करा.

पहिली चार कारणं आपली. पाचवं त्याच्या पायाशी.

उद्याचं वाचन: अध्याय १८, श्लोक १७.

रामकृष्णहरी.